अन्वय दिसतो, व्यतिरेक कुठे आहे?

गुडघ्याची गादी झिजली, एक्स-रेत गॅप कमी दिसतो, तर आपल्याच रक्तातले पीआरपी (प्लेटलेटने समृद्ध प्लाझ्मा) काढून सांध्यात सोडा म्हणजे कूर्चा पुन्हा भरून येईल, हे मत दवाखान्याच्या फलकांपासून घरगुती गप्पांपर्यंत रूढ झाले आहे. त्याची अधिक विद्वान आवृत्ती शस्त्रक्रियागृहात भेटते. नुसत्या इंजेक्शनाने भागणार नाही हे ती मान्य करते आणि पुढे म्हणते की, कूर्चेचे कलम बसवताना त्यात पीआरपी मिसळा, कलम हमखास रुजते. पहिल्या मताला विरोध करणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, कारण ते मांडणारा कुशल शल्यचिकित्सक असतो आणि त्याच्या पाठीशी प्रयोगांचे दाखले असतात. या लेखाचा रोख त्या दुसऱ्या मतावर आहे.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो असा. सांध्यातील हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत, पांढरट थर असतो, त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शरीराची एरवीची दुरुस्तीची व्यवस्था तिथे पोचत नाही. विल्यम हंटर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने 1743 साली नोंदवून ठेवले की, कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. आजवर त्या निरीक्षणाला कोणी धक्का लावलेला नाही. मग जिथे रक्त पोचत नाही तिथे रक्तातला दुरुस्तीचा अंश आपणच नेऊन का ठेवू नये? प्लेटलेटमध्ये पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा असे वाढीचे घटक साठवलेले असतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डुकराच्या कूर्चापेशींना पीआरपी दिल्यावर त्यांची संख्या वाढली आणि त्यांनी कोलॅजन व प्रोटिओग्लायकनही अधिक तयार केले. सशांत हाडासह बसवलेल्या कूर्चेच्या कलमांचे सांधे पीआरपीने अधिक चांगले जुळले. घोड्यांत तर कूर्चेची भुकटी आणि पीआरपी यांच्या मिश्रणाने नुसत्या मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा (कूर्चा गेलेल्या खड्ड्याच्या तळच्या हाडाला बारीक छिद्रे पाडण्यापेक्षा) सरस भर घातली. शिवाय औषध रुग्णाच्याच शरीरातले, तेव्हा अपाय होण्याचा प्रश्नच नाही.

या मांडणीत चार दावे एकमेकांत गुंफलेले आहेत: पीआरपीने कूर्चा वाढते, ते निरुपद्रवी आहे, कलमाचे यश त्याच्यामुळे येते, आणि रुग्णांना आराम पडतो हा त्याचा पुरावा. हे चारही सुटे करून तपासायला हवेत. पण त्याआधी प्रत्यक्षात काय केले जाते ते जवळून पाहू.

कलमाचे प्रकार अनेक आहेत. हंगेरीचे लास्लो हांगोडी 1992 पासून गुडघ्याच्या कमी भार पेलणाऱ्या भागातून हाडासकट कूर्चेच्या बारीक दांड्या काढून खड्ड्यात शेजारी शेजारी ठोकून बसवू लागले. या पद्धतीला मोझेइकप्लास्टी म्हणतात. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 1994 साली 23 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी कूर्चेचा तुकडा काढून त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या सांध्यात परत बसवल्या. भारतातही 2017 साली औषध महानियंत्रकांनी अशा स्वतःच्या कूर्चापेशींच्या उपचाराला मान्यता दिली. पण दोन शस्त्रक्रिया आणि मध्ये काही आठवडे थांबणे खर्चिक पडते. म्हणून आता एकाच बैठकीत उरकणारी पद्धत पुढे आली आहे आणि पीआरपीचा आग्रह सर्वांत जास्त तिथेच धरला जातो.

शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला रुग्णाच्या दंडातून रक्त घेतात. ते गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये आधीच सायट्रेटचे द्रावण असते. सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी लाल पेशींचा थर बसतो, वर गवती पिवळ्या रंगाचा प्लाझ्मा राहतो आणि या दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ, मळकट पट्टा दिसतो. पिवळा भाग किती खालपर्यंत ओढून घ्यायचा, पांढऱ्या पट्ट्याला स्पर्श करायचा की नाही, हे यंत्र आणि तंत्रज्ञ यांच्यावर ठरते. इकडे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारा खड्ड्याच्या कडेची निरोगी कूर्चा शेव्हरने खरवडतो. फिरत्या पात्याने तिचे मिलिमीटरभर किंवा त्याहूनही बारीक कण होतात आणि गाळणीत ओला, पांढरट चुरा जमतो. त्यात पीआरपीचे काही थेंब घालून लगदा करतात, सांध्यातले पाणी काढून खड्डा कोरडा करतात, लगदा त्यात लिंपतात आणि वरून त्याच रक्तातून काढलेले थ्रॉम्बिन सोडतात. काही मिनिटांत सगळे गोठून घट्ट बसते. काम पाहण्यासारखे देखणे होते. प्रश्न एवढाच की, त्या लगद्यातला कोणता घटक कोणते काम करतो?

पहिला दावा वाढीचा. पूर्वपक्षाचा आवडता दाखला खताचा आहे: कलम म्हणजे रोप, पीआरपी म्हणजे खत. हा दाखला तीन ठिकाणी मोडतो. एक तर पीआरपीत एकच घटक नाही आणि त्यातले सगळे घटक कूर्चेच्या बाजूचे नाहीत. त्यात व्हीईजीएफही असतो आणि त्याचे काम नव्या रक्तवाहिन्या फुटवणे हे आहे. निरोगी कूर्चा रक्तवाहिन्यांना आत शिरू देत नाही. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांत रक्तवाहिन्या कूर्चेत शिरतात तेव्हा त्या कूर्चेचे हाड होते. म्हणजे पिकाबरोबर तणालाही जोर देणारे हे खत आहे. दुसरे म्हणजे, पेशींची संख्या वाढणे वेगळे आणि त्या पेशींनी कूर्चापेशीचा धर्म टिकवणे वेगळे. एका जर्मन गटाला प्लेटलेटच्या अर्काने मानवी कूर्चापेशी झपाट्याने वाढताना दिसल्या, पण त्यांची कूर्चापेशी म्हणून घडण काही त्या प्रमाणात सुधारली नाही. भराभर वाढणाऱ्या कूर्चापेशी तंतुपेशींसारख्या वागू लागतात, हा प्रयोगशाळेत त्या वाढवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. तिसरा मुद्दा काळाचा. गोठण सुरू झाली की प्लेटलेटमधील साठ्याचा बहुतेक भाग पहिल्या तासाभरात बाहेर पडतो. फायब्रिनच्या जाळ्यात अडकलेला अंश त्यापुढे काही दिवस झिरपत राहतो, हे मान्य. पण कलमाची कूर्चा पक्की व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. पहिल्या आठवड्यातल्या शिडकाव्याने वर्षभराच्या बांधणीची दिशा ठरते असे म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर आहे.

दुसरा दावा: आपलेच रक्त, अपाय कसला? याचे उत्तर हिमोफिलियाच्या रुग्णांचे गुडघे देतात. त्यांच्या सांध्यांत वारंवार उतरणारे रक्तही त्यांचे स्वतःचेच असते आणि त्यानेच ते सांधे तरुण वयात निकामी होतात. नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या संशोधकांनी मानवी कूर्चेचे तुकडे अवघे चार दिवस रक्तात ठेवले, तेव्हा प्रोटिओग्लायकनची निर्मिती दीर्घकाळ खालावली. लाल पेशींतले लोह आणि एककेंद्रकी पांढऱ्या पेशी यांच्या संगनमताने तयार होणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू कूर्चापेशींना मारतात, असे त्यांनी दाखवले. पीआरपी म्हणजे अख्खे रक्त नव्हे, हे खरे. पण पांढरा पट्टा किती ओढला आणि लाल पेशी किती मिसळल्या यावर ते रक्ताच्या किती जवळ जाते हे अवलंबून असते. आपले आहे म्हणून निर्दोष आहे, हा हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे तो सर्वत्र लागू पडत नाही. आपलेच जठराम्ल अन्ननलिकेत चढले तर तिथे जखम होतेच.

इथे आणखी एक अडचण पुढे येते. पीआरपी नावाचे एक औषध अस्तित्वातच नाही. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. पीआरपीत त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात असा एक जुना निकष आहे. पण दोन कंपन्यांच्या किटमधून, इतकेच काय एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या रक्तातूनही, सारखा द्रव निघत नाही. 2017 साली चाहला आणि सहकाऱ्यांनी अस्थिरोगांतील पीआरपीवरचे 105 अभ्यास तपासले. तयार करण्याची कृती पुरेशा तपशिलाने देणारे त्यांत सुमारे 10 टक्के निघाले आणि अंतिम द्रवात काय किती होते हे मोजून सांगणारे 16 टक्के. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपीविरुद्ध ठाम शिफारस केली, तेव्हा दिलेल्या कारणांत ही अप्रमाणितता होती. आत काय आहे ते मोजलेले नाही, अशा कुपीतून झालेला लाभ नेमका कशाचा मानायचा?

आता तिसरा दावा, कलमाच्या यशाचा, आणि तोच खंडनाचा गाभा. कार्यकारणभाव ठरवायला आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक असे दोन पाय सांगितले: कारण असताना कार्य असते आणि कारण नसताना कार्य नसते. एका पायावर अनुमान उभे राहत नाही. पीआरपी घातलेली कलमे रुजली, हा झाला अन्वय. पीआरपी न घातलेली, बाकी सर्व बाबतींत तंतोतंत तशीच कलमे रुजत नाहीत किंवा कमी रुजतात, हे दाखवल्यावर व्यतिरेक पुरा होतो.

घोड्यांवरचा 2016 चा अभ्यास घ्या. एका खड्ड्यात मायक्रोफ्रॅक्चरवर कूर्चेची भुकटी आणि पीआरपी, दुसऱ्यात नुसते मायक्रोफ्रॅक्चर. पहिला सरस ठरला. ठीक, पण दोन खड्ड्यांत फरक एकाचा नव्हता, दोन गोष्टींचा होता. भुकटीने काम केले की पीआरपीने, याचे उत्तर त्या रचनेतून निघूच शकत नाही. तरीही हा दाखला पीआरपीच्या खात्यावर जमा केला जातो. सशांच्या अभ्यासांत तुलना अधिक नेटकी असते, पण सशाच्या गुडघ्याची कूर्चा साधारण पाव-अर्धा मिलिमीटर जाड आणि माणसाची दोन-चार मिलिमीटर. शिवाय सशांत लहान खड्डे आपसूकही बऱ्यापैकी भरून येतात. ज्या प्राण्यात न करताच पुष्कळ होते, तिथे केल्याने झाले हे ठरवताना हात आखडता घ्यायला हवा.

उलट बाजूचा पुरावा मात्र माणसांतला आहे. 2011 साली कोल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 29 रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कूर्चेचा चुरा शोषल्या जाणाऱ्या जाळीवर पसरून खड्ड्यात बसवला होता आणि दोन वर्षांनी हे रुग्ण मायक्रोफ्रॅक्चरच्या रुग्णांपेक्षा बऱ्या स्थितीत होते. पीआरपी नव्हते. 2019 साली जर्मनीतून 27 रुग्णांचा अहवाल आला. चुरा तोच, तो धरून ठेवायला फायब्रिनचा गोंद, आणि दोन वर्षांनी वेदना व हालचाल दोन्हींत सुधारणा. इथेही पीआरपी नव्हते. कारण नसताना कार्य झाले, म्हणजे ज्याला कारण म्हटले ते निदान आवश्यक कारण तरी नाही. चुऱ्यातल्या जिवंत पेशी आणि त्यांना जागेवर धरून ठेवणारे काहीतरी, एवढ्यावर काम होते असे हे अभ्यास सुचवतात.

मायक्रोफ्रॅक्चरला पीआरपीची जोड देणारे काही छोटे मानवी अभ्यास अनुकूल आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. घोट्याच्या टालस हाडावर ही जोड दिलेल्या रुग्णांचे वेदनांचे आकडे चांगले आले. पण 2020 साली असे अभ्यास एकत्र करून इटलीतील संशोधकांनी जे विश्लेषण केले, त्याचा निष्कर्ष मर्यादित लाभ एवढाच निघाला. फरक आकडेशास्त्रात दिसला, पण रुग्णाला जाणवावा इतका तो मोठा नव्हता.

चौथा दावा आरामाचा. आमच्या ओळखीतल्यांना बरे वाटले, हा युक्तिवाद प्रत्येक घरात ऐकू येतो. त्यांना बरे वाटले यात शंका नाही. शंका कशाने वाटले याची आहे. मेलबर्न आणि सिडनीत झालेल्या, 2021 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या सौम्य ते मध्यम झिजेच्या 288 रुग्णांना आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने दिली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचे पाणी. रक्त सर्वांचेच काढले आणि सिरिंज झाकलेली, म्हणजे कोणाला काय मिळाले हे कळू नये. वर्षभराने दहापैकी मोजलेली वेदना पीआरपी गटात 2.1 ने आणि मिठाच्या पाण्याच्या गटात 1.8 ने उतरली. एमआरआयवर मोजलेले कूर्चेचे आकारमान पीआरपी गटात 1.4 टक्क्यांनी घटले, दुसऱ्यात 1.2 टक्क्यांनी. मिठाच्या पाण्यानेही लोकांना बरे वाटले आणि कूर्चा दोन्हीकडे झिजतच राहिली. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये घोट्याची झीज असलेल्या 100 रुग्णांवरच्या चाचणीतही 26 आठवड्यांनी फरक आढळला नाही.

यावर पूर्वपक्षाचे उत्तर तयार असते आणि ते वजनदार आहे: मेलबर्नच्या पीआरपीत मायक्रोलिटरमागे प्लेटलेट होत्या साधारण सव्वातीन लाख. तो नुसता प्लाझ्माच झाला. मात्रा पुरेशी दिली असती तर गुण आला असता. हा आक्षेप मान्य करू. पण तो दुधारी आहे. मात्रा निर्णायक असेल, तर ज्या शस्त्रक्रियागृहात प्लेटलेट मोजल्याच जात नाहीत तिथल्या यशाचे श्रेय पीआरपीला देण्याचा हक्क त्याच क्षणी संपतो. प्रतिकूल निकाल आला की मात्रा चुकली आणि अनुकूल आला की पीआरपीचा गुण, असा न्याय दोन्ही खिशांत हात घालतो.

चंडीगढच्या पीजीआयमधला 2013 चा भारतीय अभ्यास पूर्वपक्ष अभिमानाने पुढे करतो आणि तो खरोखर चांगला आहे. 78 रुग्ण, 156 गुडघे. एक इंजेक्शन, दोन इंजेक्शने आणि मिठाचे पाणी असे तीन गट. पीआरपीने मिठाच्या पाण्यापेक्षा स्पष्ट आराम पडला आणि सहा महिन्यांच्या सुमारास तो ओसरू लागला. पण कूर्चा उगवली असती, तर आराम सहा महिन्यांत ओसरला का असता? त्या आकड्यांतून दिसते ते सूज आणि दाह तात्पुरते शमवणारे औषध. तेवढे मोल पीआरपीला द्यायला हरकत नाही. पण दाहशामक असणे आणि कलम रुजवणारे असणे, या दोन पदव्या एकाच प्रमाणपत्रावर छापता येत नाहीत.

इथे पलीकडच्या टोकाच्या मंडळींनाही थांबवले पाहिजे. पीआरपी म्हणजे निव्वळ थोतांड, रक्ताचा बाजार, असे म्हणणारे पूर्वपक्षाचीच चूक उलट्या दिशेने करतात. झिजलेल्या वयस्कर गुडघ्यात सोडलेले इंजेक्शन निष्फळ ठरले म्हणून तरुण खेळाडूच्या एका खड्ड्यातल्या कलमावरही ते निष्फळच, असा निष्कर्ष निघत नाही. दोन्ही ठिकाणचा पदार्थ एक असला तरी परिस्थिती वेगळी आहे.

मग पीआरपीचे रास्त स्थान कोणते? अमेरिकेच्या एफडीएने पीआरपी बनवणाऱ्या कित्येक किटना जी परवानगी दिली आहे ती वाचण्यासारखी आहे. हा द्रव हाडाच्या कलमात मिसळावा, कशासाठी, तर ते हाताळायला सोपे जावे म्हणून. कलम लवकर भरून येते असा दावा त्या परवान्यात नाही. कूर्चेच्या चुऱ्याच्या बाबतीतही पीआरपीचे नक्की दिसणारे काम हेच आहे. त्यातले फायब्रिनोजेन थ्रॉम्बिनशी भेटून गोठते आणि कण जागचे हलू देत नाही. हे काम कमी दर्जाचे नाही. पहिल्या दिवसांत चुरा सांध्यात विखुरला तर पुढचे सगळे वाया जाते. स्वतःच्या रक्ताचा गोंद म्हणून पीआरपी वापरायला माझी ना नाही. गोंदाच्या कामासाठी पुनरुज्जीवनाची किंमत लावायला आहे.

कलमाचे भवितव्य ठरवणाऱ्या गोष्टी तर सर्वज्ञात आहेत आणि त्यांची जाहिरात कोणी करत नाही. पाय बाहेरच्या बाजूला बाक धरून असेल आणि सगळा भार आतल्या कप्प्यावर येत असेल, तर आधी हाड कापून तो बाक सरळ केल्याशिवाय कलम टिकत नाही. अस्थिबंध सैल असेल किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी चकती) गेलेला असेल, तरी तेच. खड्ड्याच्या कडा निरोगी कूर्चेपर्यंत उभ्या कापाव्या लागतात आणि तळाचा कॅल्शियम साठलेला थर अचूक खरवडावा लागतो. त्यानंतर काही आठवडे पायावर भार न टाकता सांधा हलता ठेवायचा आणि महिनोन्महिने व्यायामाची शिस्त पाळायची. यातले एकही काम सेंट्रीफ्यूज करून देत नाही.

पुरावा मागणे म्हणजे अशक्य ते मागणे, असा एक बचाव शेवटी होतो. तो टिकत नाही, कारण याच क्षेत्रात तो दिला गेला आहे. जाळीवर वाढवलेल्या पेशींच्या कलमाने 144 रुग्णांच्या चाचणीत मायक्रोफ्रॅक्चरला मागे टाकले, तो निकाल 2014 साली प्रसिद्ध झाला आणि 2016 च्या अखेरीस अमेरिकेत त्या उपचाराला मान्यता मिळाली. पीआरपीच्या बाबतीत तर रचना याहून सोपी आहे. एकाच तऱ्हेचा खड्डा, एकाच पद्धतीने केलेला कूर्चेचा चुरा. एका गटात तो पीआरपीने बांधायचा, दुसऱ्यात साध्या फायब्रिनच्या गोंदाने. प्रत्येक कुपीतल्या प्लेटलेट, पांढऱ्या आणि लाल पेशी मोजून नोंदवायच्या. रुग्णाला आणि नंतर तपासणाऱ्याला गट कळू द्यायचा नाही, आणि दोन वर्षांनी वेदनेबरोबरच एमआरआयवर कलमाचा कडेच्या कूर्चेशी झालेला सांधा पाहायचा. या रचनेत पीआरपीचा गट जिंकला, तर या लेखातला उत्तरपक्ष मागे घ्यावा लागेल आणि तो मी घेईन. तोवर शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात पीआरपीपुढे 'कलम रुजवण्यासाठी' असे लिहू नये, 'कलम जागेवर धरून ठेवण्यासाठी' असे लिहावे, आणि बिलातला आकडाही त्याच कामाचा असावा.